ओटीटीचे सबस्क्रायबर आकडे आणि कंपनीची खरी आर्थिक तब्येत कशी वाचायची: नवीन माणसासाठी स्टेप बाय स्टेप

दर तीन महिन्यांनी बातमी येते की अमुक प्लॅटफॉर्मचे इतके कोटी सबस्क्रायबर झाले, किंवा इतके लाख कमी झाले, आणि लगेच ग्रुपवर दोन तट पडतात, अर्धे म्हणतात कंपनी संपली आणि अर्धे म्हणतात शेअर घ्या. मी पोस्ट-प्रॉडक्शनमध्ये काम करतो, आमचं पेमेंट फिरून फिरून शेवटी याच प्लॅटफॉर्म्सकडून येतं, त्यामुळे समोरची कंपनी पुढच्या वर्षी बिल भागवू शकेल का हे हेडलाइनवरून ठरवणं मला परवडत नाही. म्हणून रिझल्ट स्वतः वाचायला लागलो. यासाठी कॉमर्सची डिग्री लागत नाही, गुणाकार-भागाकार आला की पुरे, पण कुठल्या क्रमाने काय बघायचं हे कुणी नीट सांगत नाही, ते इथे लिहितोय.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. सबस्क्रायबरचा आकडा एकटा वाचूच नका. तो माणूस महिन्याला किती देतो, किती महिने टिकतो आणि त्याला धरून ठेवायला कंपनी किती रोकड ओतते हे शेजारी मांडलं की मगच त्या आकड्याला अर्थ येतो. उदाहरणं मुख्यतः नेटफ्लिक्स आणि हॉटस्टारची घेतली आहेत, कारण या दोघांचे बरेच वर्षांचे आकडे सगळ्यांसाठी उघडे आहेत.

काय काय लागेल

- कंपनीचं तिमाही प्रेस रिलीज किंवा शेअरहोल्डर लेटर. नेटफ्लिक्सचं त्यांच्या इन्व्हेस्टर साइटवर फुकट मिळतं, साधारण जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरच्या मध्यावर.
- अमेरिकन कंपनी असेल तर एसईसीच्या (तिथल्या शेअर बाजारावर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) एडगर साइटवरचे टेन-क्यू (तिमाही) आणि टेन-के (वार्षिक) रिपोर्ट. हेही फुकट.
- भारतात लिस्टेड कंपनी असेल तर बीएसई किंवा एनएसईच्या साइटवरचे निकाल, ॲन्युअल रिपोर्ट आणि कॉनकॉलची (निकालानंतर कंपनी विश्लेषकांशी फोनवर बोलते ती चर्चा) ट्रान्सक्रिप्ट.
- लिस्टेड नसेल तर एमसीए (केंद्राचं कंपनी व्यवहार मंत्रालय) पोर्टलवरची कागदपत्रं, कंपनीमागे १०० रुपये फी भरून बघता येतात.
- एक एक्सेल किंवा गूगल शीट. मागच्या किमान आठ तिमाह्यांचे आकडे स्वतःच्या हाताने भरा, रेडिमेड चार्ट घेऊ नका, भरताना जे लक्षात येतं ते चार्ट बघून येत नाही.

१. आधी एकक आणि कॅलेंडर सरळ करून घ्या

१ मिलियन म्हणजे १० लाख, १ बिलियन म्हणजे १०० कोटी, म्हणजेच १ अब्ज. मराठी आणि हिंदी बातम्यांमध्ये मिलियनचं थेट कोटी झालेलं बऱ्याचदा दिसतं आणि एका फटक्यात आकडा दहापट होतो. नेटफ्लिक्सने २०२४ च्या शेवटी ३०१.६३ मिलियन मेंबरशिप सांगितल्या होत्या, म्हणजे ३० कोटी १६ लाख.

दुसरं कॅलेंडर. नेटफ्लिक्सचं वर्ष जानेवारी ते डिसेंबर, आपल्या कंपन्यांचं एप्रिल ते मार्च, आणि डिस्नेचं (खालच्या उदाहरणांतल्या वर्षांत हॉटस्टार त्यांचं होतं) वर्ष सप्टेंबरच्या अखेरीला संपतं, म्हणजे डिस्नेची पहिली तिमाही ऑक्टोबर ते डिसेंबर. तिघांचं "क्यू वन" वेगवेगळ्या महिन्यांचं असतं. त्यातून आयपीएल मार्चच्या शेवटी सुरू होऊन मेच्या शेवटापर्यंत जातं, त्यामुळे भारतातल्या स्पोर्ट्सवाल्या ॲपची एप्रिल-जून तिमाही फुगलेली असते आणि त्यानंतरची बसलेली दिसते. म्हणून तुलना नेहमी मागच्या वर्षीच्या त्याच तिमाहीशी करायची.

२. "सबस्क्रायबर" म्हणजे नेमकं कोण, ते तळटीपेत वाचा

एकाच ॲपबद्दल चार वेगळे आकडे फिरत असतात: पैसे देणारे सबस्क्रायबर, महिन्यात एकदा तरी ॲप उघडणारे युजर, डाउनलोड, आणि एका क्षणी एकत्र बघणारे लोक. बातमीत या चौघांनाही सर्रास "सबस्क्रायबर" म्हटलं जातं.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण १९ नोव्हेंबर २०२३ ची वर्ल्ड कप फायनल. डिस्ने प्लस हॉटस्टारवर एकाच वेळी ५.९ कोटी लोक बघत होते, हा तेव्हाचा विक्रम होता. पण मोबाइलवर मॅच फुकट होती. डिस्नेच्या रिपोर्टमध्ये सप्टेंबर २०२३ अखेर हॉटस्टारचे पैसे देणारे सबस्क्रायबर ३.७६ कोटी होते आणि डिसेंबर अखेर ३.८३ कोटी, म्हणजे आख्खा वर्ल्ड कप घरच्या मैदानावर होऊन पैसे देणारे वाढले फक्त ७ लाख. गर्दी आणि गिऱ्हाईक या दोन वेगळ्या रकान्यांत लिहायच्या गोष्टी आहेत. (त्या वर्ल्ड कपचा पैसा आला, पण दुसऱ्या दारातून, ते पुढच्या स्टेपमध्ये.)

मग बंडल. डिस्ने अमेरिकेत डिस्ने प्लस, हुलू आणि ईएसपीएन प्लस एकत्र विकायची आणि त्यांच्या रिपोर्टमध्ये स्पष्ट लिहिलेलं असायचं की बंडल घेणारा एक माणूस प्रत्येक सर्व्हिसमध्ये एकेकदा मोजला जातो. तिन्ही आकड्यांची बेरीज करून कोणी "डिस्नेचे एकूण इतके ग्राहक" म्हणत असेल तर तो एकच घर तीनदा मोजतोय. आपल्याकडे हे रिचार्जबरोबर होतं. १४ फेब्रुवारी २०२५ ला हॉटस्टार आणि जिओसिनेमा एकत्र होऊन जिओहॉटस्टार सुरू झालं, मार्चमध्ये १० कोटी सबस्क्रायबरचा टप्पा जाहीर झाला आणि आयपीएलमध्ये आकडा त्याच्या दुपटीच्याही पुढे गेला. त्याच दिवसांत जिओच्या २९९ रुपयांपासून पुढच्या रिचार्जवर ९० दिवसांचं हॉटस्टार मिळत होतं. यात लपवाछपवी काही नाही, ऑफर जाहीरच होती, पण रिचार्जबरोबर आलेला माणूस आणि ॲपमध्ये जाऊन स्वतः पैसे भरलेला माणूस यांची किंमत सारखी धरू नका.

तिसरा प्रकार म्हणजे आधीपासून बघणारेच नव्याने मोजले जाणं. २०२२ मध्ये नेटफ्लिक्सने सांगितलं की १० कोटींपेक्षा जास्त घरं दुसऱ्याच्या पासवर्डवर बघतायत. मे २०२३ मध्ये अमेरिकेत त्यांनी पासवर्ड शेअरिंगवर पैसे लावले. त्यानंतर काय झालं बघा, २०२२ अखेर २३.०८ कोटी मेंबरशिप, २०२३ अखेर २६.०३ कोटी आणि २०२४ अखेर ३०.१६ कोटी. दोन वर्षांत ७ कोटींची भर पडली आणि त्यातला चांगला वाटा या उसनवारीवाल्यांचा होता. पैसे खरे आहेत, वाढ खरी आहे, पण हे पाणी एकदाच उपसता येतं. कुठल्याही कंपनीची मोठी उडी दिसली की विचारा, हे पुढच्या वर्षी पुन्हा होऊ शकतं का.

३. माणसामागे महिन्याला किती मिळतात ते काढा

मला विचाराल तर ही सगळ्यात महत्त्वाची स्टेप, इथे वेळ घालवा.

कंपन्या याला एआरपीयू किंवा नेटफ्लिक्सच्या भाषेत एआरएम म्हणतात. रेडिमेड दिला नसेल तर स्वतः काढा: तिमाहीचा महसूल भागिले ३, आणि आलेल्या उत्तराला तिमाहीच्या सुरुवातीच्या आणि शेवटच्या सबस्क्रायबरच्या सरासरीने भागायचं. करून बघू. २०२४ च्या शेवटच्या तिमाहीत नेटफ्लिक्सचा महसूल १०.२५ अब्ज डॉलर होता, महिन्याला साधारण ३.४२ अब्ज. सुरुवातीला २८.२७ कोटी मेंबर, शेवटी ३०.१६ कोटी, सरासरी २९.२ कोटी. उत्तर येतं ११.७ डॉलरच्या आसपास. पण हे जगाचं सरासरी, आत अमेरिका-कॅनडात १७ डॉलर आणि आशिया-पॅसिफिकमध्ये ७ डॉलर अशी फोड होती. म्हणजे अमेरिकेतला एक मेंबर गेला तर भरपाईला इकडचे दोन आणि वर थोडे लागतात.

आता हॉटस्टार. ऑक्टोबर २०२२ च्या सुरुवातीला डिस्नेने जगभरात १६.४२ कोटी डिस्ने प्लस सबस्क्रायबर जाहीर केले. त्यात ६.१३ कोटी एकट्या हॉटस्टारचे, म्हणजे तिघांतला एकापेक्षा जास्त माणूस इकडचा. अमेरिका-कॅनडात ४.६४ कोटी. नुसती संख्या बघितली तर आपण अमेरिकेच्या पुढे. आता पैसे बघा: हॉटस्टारमागे महिन्याला ०.५८ डॉलर, अमेरिका-कॅनडात ६.१० डॉलर. गुणाकार करा, हॉटस्टारचे महिन्याला साडेतीन कोटी डॉलर आणि अमेरिका-कॅनडाचे २८ कोटी डॉलर. कमी माणसं आणि आठपट पैसा.

हा गुणाकार ज्याने केला होता त्याला पुढचं सगळं समजलं असतं. जून २०२२ मध्ये आयपीएल २०२३-२७ चे भारतातले डिजिटल हक्क रिलायन्स गटाच्या वायकॉम१८ कडे गेले, मुख्य पॅकेजच २०,५०० कोटींचं होतं, डिस्नेच्या स्टारने टीव्हीचे हक्क ठेवले आणि डिजिटल सोडलं. मग २०२३ मध्ये त्यांच्या जिओसिनेमा ॲपने आयपीएल फुकट दाखवलं आणि हॉटस्टारचे आकडे घसरत गेले, ६.१३ कोटींवरून ५.७५, मग ५.२९, आणि १ जुलै २०२३ ला ४.०४ कोटी. एका तिमाहीत सव्वा कोटी माणसं गेली, बातम्यांमध्ये हाहाकार. पण त्याच तिमाहीत डिस्नेच्या स्ट्रीमिंग धंद्याचा तोटा वर्षापूर्वीच्या १.०६ अब्ज डॉलरवरून ५१ कोटी डॉलरवर आला होता. तोटा कमी होण्याची कारणं जगभरची होती, अमेरिकेतली दरवाढ धरून, पण मुद्दा हा की हॉटस्टारची कोट्यवधी माणसं जाऊनही डिस्नेच्या हिशोबाला मोठा खड्डा पडला नाही, कारण ती माणसं पैशाच्या हिशोबात फार लहान होती.

आणि वर्ल्ड कपचा पैसा कुठून आला? त्या ऑक्टोबर-डिसेंबर २०२३ तिमाहीत हॉटस्टारचा दरमाणशी महसूल ०.७० डॉलरवरून १.२८ डॉलरवर गेला आणि डिस्नेने कारण दिलं जाहिरात. म्हणजे एआरपीयूमध्ये जाहिरातीचे पैसेही येतात, तो फक्त वर्गणीचा भाव नसतो. वाढला की बघायचं, दर वाढवला, जाहिरात आली, की स्वस्तातले गिऱ्हाईक निघून गेल्याने सरासरी वर सरकली.

भारतातल्या ॲपसाठी अजून एक हिशोब करून ठेवा. तीन महिन्यांचा प्लॅन १४९ रुपयांचा असेल तर त्यात १८ टक्के जीएसटी आहे, तो काढला की १२६ रुपये उरतात, महिन्याला ४२. माणसाने ॲप स्टोअरमधून पैसे भरले असतील तर त्यातून १५ ते ३० टक्के तिकडे जातात. मग जे राहतं त्यातून सर्व्हर, पेमेंट गेटवे, मार्केटिंग आणि आपल्यासारख्यांचं बिल.

पण स्वस्त म्हणजे वाईटच असा निष्कर्षही काढू नका. नेटफ्लिक्सने डिसेंबर २०२१ मध्ये भारतातले दर पाडले, मोबाइल प्लॅन १९९ चा १४९ आणि बेसिक ४९९ चा थेट १९९. नंतर त्यांनीच सांगितलं की २०२२ मध्ये भारतातला महसूल, चलनाचा परिणाम वगळून, २४ टक्क्यांनी वाढला, आदल्या वर्षी ही वाढ १९ टक्के होती. दर कमी करून एकूण पैसा वाढला. म्हणून दरमाणशी आणि एकूण, दोन्ही रकाने शेजारी शेजारी हवेत.

४. किती लोक सोडून जातात

याला चर्न म्हणतात आणि हा आकडा बहुतेक कंपन्या देतच नाहीत. जाहीर होते ती निव्वळ भर, म्हणजे आलेले वजा गेलेले. १० लाख वाढले असं म्हणताना ६० लाख आले आणि ५० लाख गेले असंही असू शकतं, आणि त्या ६० लाखांना आणायला जाहिरातीवर पैसे गेलेले असतात.

हा गुणाकार एकदा स्वतः करा. महिन्याला २ टक्के लोक सोडत असतील तर वर्षात शंभरातले साधारण २१-२२ जातात. ५ टक्के असेल तर ४६. १० टक्के असेल तर ७२ जातात, म्हणजे दरवर्षी जवळजवळ आख्खी कंपनी नव्याने उभी करायची. कानाला २, ५, १० हे जवळजवळचे वाटतात, धंद्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

चर्न दिला नसेल तर अंदाज कसा घ्यायचा? मार्केटिंगचा खर्च बघा. महसुलाच्या मानाने मार्केटिंग दरवर्षी वाढतंय आणि निव्वळ भर मात्र तेवढीच किंवा कमी, असं दिसलं की समजायचं गळती मोठी आहे. आणि मॅचेस किंवा एखाद्या रिॲलिटी शोवर चालणारं ॲप असेल तर सीझन संपल्यानंतरच्या तिमाहीचा आकडा बघा, कंपनी साहजिकच सीझनच्या मधला सांगते.

५. नफा वेगळा, रोकड वेगळी

नवीन माणूस सगळ्यात जास्त इथे फसतो. नेटफ्लिक्सने २०१९ मध्ये १.८७ अब्ज डॉलर नफा दाखवला. त्याच वर्षी त्यांचा फ्री कॅश फ्लो होता उणे ३.३ अब्ज डॉलर, म्हणजे नफ्यात असलेल्या कंपनीच्या गल्ल्यातून सव्वातीन अब्ज बाहेर गेले आणि ते कर्ज काढून भरले गेले. यात काही घोटाळा नव्हता, हिशोबाची पद्धतच तशी आहे. सीरिज बनवायला पैसे आज द्यावे लागतात, पण पुस्तकात तो खर्च आज सगळा दाखवत नाहीत, सीरिज मालमत्ता म्हणून धरतात आणि काही वर्षांत थोडा थोडा खर्ची टाकतात. नेटफ्लिक्स सांगतं की सरासरी ९० टक्क्यांहून जास्त खर्च चार वर्षांत टाकून होतो. २०१९ मध्ये कंटेंटवर रोख गेली जवळपास १४ अब्ज आणि पुस्तकात खर्च पडला ९ अब्जांच्या थोडा वर. मधले पावणेपाच अब्ज नफ्याच्या ओळीत दिसतच नाहीत.

म्हणून कॅश फ्लो स्टेटमेंट उघडायचं आणि दोन ओळी शोधायच्या, कंटेंटवर दिलेली रोकड आणि कंटेंटचं अमॉर्टायझेशन (म्हणजे त्या वर्षी पुस्तकात खर्ची टाकलेला भाग). पहिलीला दुसरीने भागा. उत्तर १.५ च्या वर असेल तर कंपनी वाढीसाठी जोरात पैसा ओततेय आणि तो कुठूनतरी उसना येतोय. १ च्या जवळ असेल तर धंदा स्थिरावलाय. १ च्या बराच खाली असेल तर खूश होऊ नका, नवीन माल बनवणं कमी झालंय.

हे शेवटचं नीट बघा. २०२० मध्ये नेटफ्लिक्सचा फ्री कॅश फ्लो अचानक अधिक १.९ अब्ज डॉलर झाला, कारण कोविडमध्ये शूटिंग बंद होती, खर्चच झाला नाही. २०२३ मध्ये तो ६.९ अब्ज झाला, त्यालाही हॉलिवूडमधल्या लेखक आणि कलाकारांच्या संपाचा हातभार होता. खरी खात्री २०२४ ने दिली, संप संपला, काम पूर्ववत झालं आणि तरीही ६.९ अब्ज आले, सोबत ऑपरेटिंग मार्जिन (धंद्याचा खर्च वजा जाता महसुलातला उरलेला टक्का) २१ वरून २७ टक्क्यांवर. एका वर्षाच्या चांगल्या रोकडीवर विश्वास ठेवू नका, खर्च पुन्हा सुरू झाल्यावर टिकतेय का ते बघा.

उलट बाजूनेही तसंच, एकदाच झालेला खर्च कायमचा धरू नका. २०२५ च्या तिसऱ्या तिमाहीत नेटफ्लिक्सचं मार्जिन ३१.५ टक्के अपेक्षित असताना २८ आलं, कारण ब्राझीलमधल्या कराच्या वादाचे ६१.९ कोटी डॉलर एकदम धरले गेले. धंदा बिघडला नव्हता.

६. कर्ज, आणि आधीच कबूल केलेले पैसे

ताळेबंदात कर्ज दिसतं, ते सगळे बघतात. पण स्ट्रीमिंग कंपनीने पुढच्या काही वर्षांत कंटेंटसाठी द्यायचं कबूल केलेलं असतं आणि त्यातलं बरंचसं ताळेबंदात नसतं, मागे टिपांमध्ये "कंटेंट ऑब्लिगेशन्स" नावाने असतं. नेटफ्लिक्सची ही रक्कम २० अब्ज डॉलरच्या वर आहे, त्यांच्या कर्जापेक्षा जास्त. त्यांना ते झेपतं कारण रोकड येतेय. स्पोर्ट्सचे हक्क घेणाऱ्या कंपनीत ही टीप सगळ्यात आधी वाचा, कारण हक्काचे हप्ते ठरलेल्या तारखेला द्यायचे असतात, सबस्क्रायबर आले काय, न आले काय.

७. कुठला आकडा बंद झाला, कुठला नवीन सुरू झाला

शीटमध्ये आठ तिमाह्या भरायला सांगितल्या त्याचं कारण हे. कंपनी ज्या आकड्याने खूश असते तो वर असतो, जो अडचणीचा होतो तो हळूच खाली सरकतो, मग गायब.

एप्रिल २०२२ मध्ये नेटफ्लिक्सने २ लाख सबस्क्रायबर कमी झाल्याचं सांगितलं, दहा वर्षांत पहिल्यांदा, आणि दुसऱ्या दिवशी शेअर ३५ टक्के पडला. (त्यात रशियातून बाहेर पडल्यामुळे गेलेले ७ लाख होते, ते धरले नाहीत तर ५ लाखांची वाढच होती. तळटीप वाचा म्हणतो ते याच्यासाठी.) दोन वर्षांनी, एप्रिल २०२४ मध्ये, त्यांनी जाहीर केलं की २०२५ पासून तिमाही मेंबरशिप देणार नाही, महसूल आणि मार्जिनवर बघा. डिस्नेनेही ऑगस्ट २०२५ मध्ये तेच सांगितलं. माझं प्रामाणिक मत, नेटफ्लिक्सचं कारण पटण्यासारखं आहे, कारण एका मेंबरचे ७ आणि दुसऱ्याचे १७ डॉलर असतील तर बेरजेला अर्थ उरत नाही. पण बाहेरून बघणाऱ्याच्या हातातलं एक साधन गेलं हेही खरं.

मोजमाप बदललं तर शीटमध्ये तिथे जाड रेघ मारा आणि दोन्हीकडचे आकडे जोडू नका. नेटफ्लिक्सच्या जाहिरातवाल्या प्लॅनचे मे २०२५ मध्ये ९.४ कोटी मासिक युजर होते आणि नोव्हेंबरमध्ये १९ कोटी मासिक व्ह्यूअर. सहा महिन्यांत दुप्पट झाले नाहीत, आधी खाती मोजत होते आणि नंतर घरातली माणसं अंदाजाने धरून मोजली. आणि ॲमेझॉन किंवा ॲपलसारख्या कंपन्यांच्या स्ट्रीमिंगचा वेगळा हिशोब बाहेर येतच नाही, तिथे कोणी अगदी नेमका आकडा सांगत असेल तर तो बाहेरच्याचा अंदाज आहे असं धरून चाला.

८. भारतातली कंपनी असेल तर

झी लिस्टेड आहे, त्यामुळे झी५ चा महसूल आणि तोटा त्यांच्या तिमाही प्रेझेंटेशनमध्ये वेगळा मिळतो. २०२३-२४ मध्ये तोटा सुमारे १,१०० कोटी होता, पुढच्या वर्षी जवळपास निम्मा झाला. आता तुम्हीच पाचवी स्टेप लावा, तोटा कमी झाला तो महसूल वाढून की खर्च कापून? महसूल फार हलला नव्हता, म्हणजे मुख्यतः खर्च कापून. वाईट नाही, पण आपल्यासारख्यांसाठी त्याचा अर्थ नवीन शो कमी किंवा बजेट घट्ट असा होतो.

जिओस्टारचे (जिओहॉटस्टार चालवणारी कंपनी) आकडे रिलायन्सच्या निकालात येतात. तिथे ग्रॉस रेव्हेन्यू जीएसटी धरून असतो, जीएसटी वजा केलेला आकडा खाली वेगळा असतो, मार्जिन काढताना खालचा घ्या. आणि त्यात टीव्ही चॅनेल्सही आहेत, तो नुसत्या ॲपचा नफा नव्हे.

नेटफ्लिक्सचं भारतातलं एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी संस्था) दरवर्षी थोडा नफा दाखवतं आणि बातमी होते, "नेटफ्लिक्स भारतात नफ्यात". ते एलएलपी इथे सर्व्हिस विकणारं वितरक आहे, मुख्य खर्च आणि मालकी बाहेर आहे, त्यामुळे महसुलाचा कल बघायला तो आकडा कामाचा, नफ्याबद्दल मात्र त्यावरून काही ठरवू नका.

लिस्टेड नसलेल्या छोट्या ॲपसाठी, आणि मराठी ॲप बहुतेक याच गटातली, एमसीएवर हे बघा:

- एओसी-४, यात ताळेबंद आणि नफा-तोटा असतो. एलएलपी असेल तर फॉर्म ८.
- ऑडिटरचा रिपोर्ट. "गोइंग कन्सर्न" हे शब्द शोधा. कंपनी पुढे चालेल का याबद्दल ऑडिटरने शंका लिहिली असेल तर बाकी सगळे आकडे नंतर.
- ट्रेड पेएबल्सचं (व्हेंडर-पुरवठादारांना द्यायच्या पैशांचं) वयाप्रमाणे कोष्टक. २०२१-२२ पासून कंपन्यांना द्यावं लागतं. एक-दोन वर्षांपेक्षा जुनी देणी साठलेली दिसली तर ती आपल्यासारख्या व्हेंडरचीच असण्याची शक्यता मोठी.
- एमएसएमई-१ फॉर्म. सूक्ष्म-लघु उद्योगांचे पैसे ४५ दिवसांच्या वर थकवले असतील तर कंपनीला दर सहा महिन्यांनी हा भरावा लागतो.
- इंडेक्स ऑफ चार्जेस. कंपनीने काय काय तारण ठेवलंय ते कळतं.
- फाइलिंगच्या तारखा. दोन वर्षांचे हिशोबच भरलेले नसतील तर तेच उत्तर समजा.

९. प्लॅटफॉर्मबरोबर काम करणार असाल तर करारात काय

शेअर घेणाऱ्यांनी ही स्टेप सोडली तरी चालेल. एडिटर, लेखक, साउंडवाले, छोटे निर्माते यांच्यासाठी आहे. आमच्या ओळखीतल्या एका टीमचे पैसे एका ॲपकडे अडकले होते, ॲपचे डाउनलोड लाखांत होते आणि मागच्या दोन वर्षांचे हिशोब एमसीएवर नव्हते, बघायला पाच मिनिटं लागली असती.

आधी उद्यम रजिस्ट्रेशन करून घ्या, फुकट आहे. सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंद असली की लेखी करार असताना जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचं बंधन येतं, उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने व्याज मागता येतं, आणि शिवाय वर्षअखेर थकलेली रक्कम समोरच्याला त्या वर्षी इन्कम टॅक्समध्ये खर्च म्हणून धरता येत नाही, त्यामुळे मार्चमध्ये फोन लगेच उचलले जातात. नोंद काम सुरू व्हायच्या आधीची असू द्या आणि नंबर प्रत्येक बिलावर छापा.

मोबदला व्ह्यूजवर किंवा रेव्हेन्यू शेअरवर असेल तर दुसऱ्या स्टेपमधले प्रश्न करारात लिहून घ्या: व्ह्यू म्हणजे किती मिनिटं, फुकट बघणारा धरणार का, रिचार्जबरोबर आलेल्या सबस्क्रायबरचा वाटा कसा काढणार, आणि रिपोर्ट दर महिन्याला येणार की तिमाहीला. समोरचा म्हणाला की "आमचा डॅशबोर्ड आहे, त्यात दिसेल", तर त्या डॅशबोर्डचं लॉगिन करार संपल्यावरही बारा महिने चालू राहील ही ओळ घालून घ्या. आणि हप्ते असे बांधा की मास्टर फाइल (पूर्ण झालेल्या कामाची अंतिम फाइल) हातातून जायच्या आधी निम्म्याहून जास्त रक्कम खात्यात आलेली असेल. आठव्या स्टेपमध्ये काही खटकलं असेल तर ऐंशी टक्के मागा, आणि नाही म्हणाले तर काम घेऊ नका.